तलवारीची तिर्री

तर झालं असं की गेल्या महिन्यात एका शनिवारी धाकटी बहीण राहायला आली. पिशवीत चार कपडे आणि एक डबा. डब्यात ७८ पानं आणि एक चिमुकली पुस्तिका. चहा झाल्या झाल्या पुस्तिका माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "दादा, माझी तोंडी परीक्षा घे."

एरवी मी तिची यथेच्छ टिंगल केली असती. टॅरो, राशी, वास्तू या प्रकारांवर आमच्या घरात माझं मत सगळ्यांना पाठ आहे. पण दिवाळीत तिचं ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हापासून घरात कुणी कुणाची टिंगल करत नाही. मी मुकाट्याने पुस्तिका घेतली आणि शाळेत सनावळ्या विचारायचो तसं सुरू केलं. पेल्याची राणी? दंडाची अठ्ठी? नाण्याची चौकी? पोरीची तयारी चांगली होती, धडाधड सांगत होती. सुलट काय, उलट काय, सगळं. मग तलवारीची तिर्री आली आणि गाडी अडली. पान बघितलंय का तुम्ही कधी? करडं आभाळ, पाऊस, मधोमध लालभडक बदाम आणि त्यात आरपार घुसलेल्या तीन तलवारी. अर्थ तिला येत नव्हता असं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "पण हे सगळं ठरवलं कुणी रे?"

पुस्तिकेत पहिल्याच पानावर उत्तर होतं: प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांनी, हजारो वर्षांपूर्वी. आता आमचा धंदा असा की दुसऱ्याने लिहून ठेवलेला जुना कोड उघडायचा आणि ही ओळ कुणी, कधी, कशासाठी घातली ते शोधायचं. वरच्या कॉमेंटमध्ये लिहिलंय म्हणून विश्वास ठेवायचा नाही, हा पहिला धडा. पुढचे तीन वीकएंड याच्या मागे गेले. (बायकोचं मत: तू तिच्यापेक्षा जास्त नादी लागलास.)

तर इजिप्त. गंमत म्हणजे इजिप्तचा संबंध आहे, पण पुजाऱ्यांशी नाही. पत्ते युरोपात आले ते १३७०च्या दशकात, बहुधा मामलुक सुलतानांच्या इजिप्तमधून. १३७७ मध्ये फ्लॉरेन्सने त्यांच्यावर बंदीही घातली होती. म्हणजे आल्या आल्या लोक बिघडले! इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात एक जुना मामलुक जोड आहे. त्यात चार रंग: पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. युरोपात पोलो कुणाला ठाऊक नव्हता, तेव्हा काठ्यांचे झाले दंडुके. टॅरोमधला 'दंड' तो हाच. आणि त्या जोडातल्या एका पानावर चक्क 'कंजिफा' असा शब्द आहे. आपल्या सावंतवाडीच्या गोल गोल, दशावतारांच्या १२० पानी गंजिफा आठवा. नाव एकच. कोकणात सुट्टीत ते जोड बघताना आपण टॅरोच्या लांबच्या नातेवाइकाकडे बघतोय हे मला तरी माहीत नव्हतं.

टॅरो स्वतः जन्मला उत्तर इटलीत, १४४०च्या आसपास. चार रंगांच्या ५६ पानांना कुणीतरी आणखी २२ चित्रपानं जोडली. त्यांना म्हणायचे 'त्रिओन्फी', म्हणजे विजययात्रा. इंग्रजीतला 'ट्रंप' हा शब्द यातूनच आला. म्हणजे काय, तर ही २२ पानं (त्यातला विदूषक जरा वेगळा, पण ते सोडा) म्हणजे कायमचे हुकूम! पोप राजाला मारतो, प्रेम पोपला मारतं, मृत्यू या सगळ्यांना मारतो, सूर्य आणि जग मृत्यूलाही मारतात. सरदार-दरबारी लोकांनी दुपारी बसून खेळायचा हा डाव होता. भविष्य वगैरे काही नाही. पुढची साडेतीनशे वर्षं जवळपास सगळा पुरावा खेळाचाच सापडतो.

हे ठणकावून सांगितलं ते मायकेल डमेट या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने. तर्कशास्त्र आणि भाषेचं तत्त्वज्ञान हे त्याचं क्षेत्र, फ्रेगेवरचा मोठा अधिकारी माणूस. त्याने १९८० साली 'द गेम ऑफ टॅरो' नावाचा सहाशे पानांचा ठोकळा लिहिला. ठिकठिकाणचे नियम गोळा केले, कुठल्या गावात कुठलं पान कुठल्या क्रमाने येतं याच्या याद्या केल्या. अशा माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

आता एकच पान घेऊन बघू, म्हणजे मुद्दा कळेल. बारावं पान, 'टांगलेला माणूस'. एका पायाने उलटा लटकलेला. पुस्तिकेत अर्थ: त्याग, थांबणं, जगाकडे नव्या नजरेने बघणं. पण इटलीत या पानाचं नाव होतं 'विश्वासघातकी'. तिकडे फितुरांची आणि कर्जबुडव्यांची अशी उलटी टांगलेली चित्रं भर चौकात भिंतीवर रंगवायची पद्धत होती. १४१२ मध्ये मुत्सिओ अत्तेंदोलो स्फोर्झा या भाडोत्री सेनापतीने बाजू बदलली, तर त्या वेळच्या (पुढे अवैध ठरलेल्या) पोपने रोमच्या वेशींवर आणि पुलांवर त्याचं असं चित्र लावलं. आणि आज टॅरोचा जो सगळ्यात प्रसिद्ध जुना जोड आहे, १४५०च्या आसपासचा, सोन्याचा वर्ख लावलेला, तो बनला मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झा याच्या घरासाठी. हा फ्रान्चेस्को म्हणजे त्याच मुत्सिओचा मुलगा. ते पान हातात आल्यावर याला काय वाटत असेल? 'नवी नजर' तर नक्कीच नाही.

बोलोन्यात १७५०च्या सुमाराचा एक कागद सापडलाय, त्यात टॅरोच्या पस्तीस पानांचे अर्थ दिलेत. अगदी रोखठोक. विश्वासघातकी म्हणजे विश्वासघात. जग म्हणजे लांबचा प्रवास. मृत्यू म्हणजे मृत्यू. म्हणजे पत्त्यांवरून भविष्य बघणारे कुणीतरी तेव्हा होतेच, नाही असं नाही. पण त्यांनी इजिप्तचं नाव घेतलं नव्हतं.

ते घेतलं १७८१ साली पॅरिसमध्ये. आंत्वान कूर द जेबलॅं नावाचे एक विद्वान गृहस्थ होते, प्रोटेस्टंट पाद्री. आदिम जगाचं सगळं ज्ञान शोधून काढणारा ग्रंथ खंडामागून खंड लिहीत होते. एका बाईंच्या घरी गेले, तिथे टॅरोचा डाव चालला होता. पॅरिसमध्ये हा खेळ तेव्हा फारसा कुणाला माहीत नव्हता. यांनी पानं बघितली आणि पाव तासात जाहीर केलं की हा तर इजिप्तच्या पुजाऱ्यांचा ग्रंथ, पत्त्यांच्या वेषात लपवलेला! तार म्हणजे रस्ता, रो म्हणजे राजा, म्हणून टॅरो म्हणजे राजमार्ग. आता लक्षात घ्या, १७८१ साली पृथ्वीवर एकाही माणसाला प्राचीन इजिप्तची चित्रलिपी वाचता येत नव्हती. रोझेटाचा दगड मिळाला १७९९ मध्ये आणि शांपोलियॉंने ती लिपी फोडली १८२२ मध्ये. तोवर उशीर झाला होता. टांगलेल्या माणसाबद्दल तर जेबलॅंनी कहर केला. म्हणाले, पत्ते छापणाऱ्यांनी चूक केली, हे पान उलटं छापलंय. सुलटं धरा, म्हणजे एक पाय उचलून जपून पाऊल टाकणारा माणूस दिसेल. म्हणजे हा विवेक! डेटा थिअरीत बसत नाही, तेव्हा डेटाच उलटा करा. असे मॅनेजर आपण सगळ्यांनी बघितलेत.

यानंतर गाडी सुसाट सुटली. जॉं-बाप्तिस्त आल्येत नावाच्या माणसाने आडनाव उलटं करून 'एतेय्या' हे नाव घेतलं. साध्या पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचं पुस्तक त्याने १७७० सालीच काढलं होतं. पान उलटं पडलं तर वेगळा अर्थ, ही युक्ती त्या पुस्तकात आहे. (धाकटीला ७८ चे १५६ अर्थ पाठ करायला लागले ते याच्यामुळे.) इजिप्तची बातमी आल्याबरोबर तो टॅरोकडे वळला, पुस्तकं लिहिली, आणि १७८९च्या सुमारास खास भविष्यासाठी बनवलेला जोड काढला. १८५०च्या दशकात एलिफास लेव्हीने २२ पानांना हिब्रूची २२ अक्षरं चिकटवली. आकडा जुळला ना, मग झालं! १८८८ मध्ये लंडनमध्ये 'गोल्डन डॉन' ही गुप्त मंडळी जमली. त्यांनी त्यावर राशी, ग्रह आणि पंचमहाभूतांपैकी काही बसवली. बसेनात म्हणून 'न्याय' आणि 'बळ' या पानांच्या क्रमांकांची अदलाबदल केली. इथपर्यंत वाचून मी पुस्तक मिटणार होतो.

पण तिर्री राहिली होती.

कारण एवढ्या सगळ्या उपद्व्यापात आकड्यांच्या साध्या पानांकडे बहुतेकांनी चित्र म्हणून बघितलंच नव्हतं. आपल्या पत्त्यातल्या बदामाच्या सत्तीवर जसे सात बदाम, तशा तलवारीच्या तिर्रीवर तीन तलवारी. संपलं. त्यात चित्र घातलं ते पामेला कोलमन स्मिथने, १९०९ साली. आई-वडील अमेरिकन, जन्म लंडनचा १८७८चा, लहानपण काही काळ जमैकात, शिक्षण ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये. जमैकातल्या अनान्सी कोळ्याच्या गोष्टींचं तिचं पुस्तक १८९९ मध्ये निघालं होतं. एलेन टेरीच्या नाटकमंडळींबरोबर ती हिंडली. न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टिग्लिट्झने आपल्या फोटोग्राफीच्या गॅलरीत १९०७ साली तिची चित्रं लावली; फोटो नसलेलं काही तिथे लागण्याची ही पहिलीच वेळ. गोल्डन डॉनमध्ये तिची ओळख झाली आर्थर वेटशी. वेटने नव्या टॅरोची चित्रं तिच्याकडे सोपवली. काही महिन्यांत तिने सगळी काढून दिली. त्या नोव्हेंबरात तिने स्टिग्लिट्झला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात ती कळवते की मोठं काम उरकलंय आणि पैसे फार थोडे मिळालेत.

तिर्रीतला तो बदामही तिने हवेतून आणला नाही. १४९०च्या दशकातला 'सोला बुस्का' नावाचा एक इटालियन जोड आहे. त्यात अपवाद म्हणून साध्या पानांवरही चित्रं होती. त्याचे फोटो १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आले. त्यातल्या तलवारीच्या तिर्रीवर बदामात घुसलेल्या तीन तलवारी आहेतच. पामेलाने ते बघितलं असणार हे दोन्ही पानं शेजारी ठेवली की कळतं. पाऊस मात्र तिचा.

आणि वेटने या पानाचा अर्थ काय लिहिला? दुरावा, गैरहजेरी, विलंब, फाटाफूट. पुढे म्हणतो की बाकीचं चित्रावरून उघड आहे, ते काय सांगायचं. प्रेमभंग, काळजाला घरं, आज इंटरनेटवर सगळीकडे जे लिहिलेलं असतं, ते त्या 'बाकीच्या'तून आलं. म्हणजे अर्थ लिहिणाऱ्याने सोडून दिला आणि चित्र काढणारीने सांगितला. माझं मत विचाराल तर आजच्या टॅरोचं निम्मं श्रेय या बाईचं आहे. पण जोडाला नाव पडलं रायडर-वेट. रायडर म्हणजे प्रकाशक. ज्याने छापलं त्याचं नाव, ज्याने लिहिलं त्याचं नाव, आणि चित्रकार कोपऱ्यातल्या सहीपुरती. १९५१ साली कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती वारली. मागे कर्ज होतं, सामान विकून ते फेडलं गेलं. हल्ली हल्ली लोक रायडर-वेट-स्मिथ म्हणायला लागलेत. सत्तर-ऐंशी वर्षांनी का होईना.

हे सगळं मी धाकटीला फोनवर एका दमात सांगितलं. मला वाटलं होतं, ती आता तो डबा कपाटात टाकेल. खरं सांगायचं तर त्यासाठीच एवढा खटाटोप केला होता. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे बाईने काढलंय ते. म्हणूनच." आणि मग, "त्या स्फोर्झाच्या जोडात ही तिर्री कशी दिसते?"

ती नाहीच. ७८ पैकी ७४ पानं उरलीत, काही न्यूयॉर्कला, काही बेर्गामोला, काही एका घराण्याकडे. चार हरवली: सैतान, मनोरा, नाण्याचा घोडेस्वार आणि तलवारीची तिर्री. लोक यावरही काय काय गूढ लिहितात. पण पत्ते हरवतात हो. आमच्या घरातल्या एकाही जोडात किलवरची राणी नाही.

"हरवली?" ती म्हणाली आणि खूप दिवसांनी हसली.

पुढच्या रविवारी आम्ही तिचाच जोड घेऊन खेळायला बसलो. आई, बाबा, ती आणि मी. फ्रान्समध्ये आजही टॅरो म्हणजे असा चौघांचा डाव असतो. नियम मी जुन्या पद्धतीचे लिहून आणले होते. तलवार आणि दंड यात मोठा आकडा वरचढ, पेले आणि नाण्यात मात्र उलटं, लहान आकडा वरचढ. आईला ते अजिबात पटलं नाही. "दश्शीपेक्षा दुर्री मोठी? काहीतरीच." दोनदा वाटप चुकलं. तिसऱ्या डावात उतारी तलवारीची होती. धाकटीने हातातली पानं चाळली, तिर्री काढली आणि टाकली. बाबांकडे तलवार नव्हती. त्यांनी चष्मा वर केला आणि तिच्यावर टांगलेला माणूस मारून हात उचलला.

"बारा नंबर हुकूम आहे ना?" त्यांनी खात्री करून घेतली. "मग झालं. उतारी माझी."