नेहरू विज्ञान केंद्र, मुंबई
वरळी येथील, हाताळून शिकण्याच्या प्रदर्शनांसाठी प्रसिद्ध असलेले विज्ञान केंद्र. ते राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या अखत्यारीत आहे. केंद्राची उभारणी टप्प्याटप्प्याने झाली : १९७७ मध्ये प्रकाश व दृष्टी या विषयावरील दालन, १९७९ या आंतरराष्ट्रीय बालवर्षात खुले विज्ञान उद्यान आणि १९८५ मध्ये पूर्ण केंद्राचे उद्घाटन.

जुन्या पद्धतीच्या संग्रहालयात वस्तू काचेआड असते. येथे दांडा फिरवणे, कप्पी ओढणे हे विद्यार्थ्याचेच काम. भौतिकीविज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्थापलेल्या एक्सप्लोरेटोरियममुळे ही पद्धत जगभर रुजली. भारतात कोलकात्याचे बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय (१९५९) या क्षेत्रातील अग्रणी असून फिरत्या विज्ञान प्रदर्शनाची सुरुवात त्यानेच १९६५ मध्ये केली.

विज्ञान उद्यानांतील एक परिचित प्रयोग म्हणजे समोरासमोर, दूर अंतरावर उभारलेल्या दोन परवलयी तबकड्या. एकीच्या नाभीपाशी कुजबुजल्यास ध्वनितरंग तबकडीवरून परावर्तित होऊन समांतर जातात आणि दुसरीच्या नाभीत एकवटतात. तेथे कान लावलेल्या विद्यार्थ्याला शब्द स्पष्ट ऐकू येतात. परावर्तनाचा नियम असा आधी अनुभवास येतो, आकृती नंतर.

शालेय भेटीचे फलित पूर्वतयारीवर अवलंबून असते. मोजकी दालने, लहान गट, आधी ठरवलेले प्रश्न आणि परतल्यावर वर्गात चर्चा असेल, तर भेट सहलीपुरती मर्यादित राहत नाही.