उपग्रह आणि शिक्षक : ‘साइट’ प्रयोगाचा एक दुर्लक्षित भाग

दृक्‌श्राव्य साधनांच्या इतिहासात यंत्राचे कौतुक फार होते. ते ज्याच्या हाती पडते त्या शिक्षकाची दखल मात्र ओझरतीच घेतली जाते. ‘साइट’ या नावाने परिचित असलेल्या उपग्रह-दूरचित्रवाणी प्रयोगाबाबतही असेच घडले आहे.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात एटीएस-६ या अमेरिकन उपग्रहाद्वारे राजस्थान, मध्य प्रदेश, बिहार, ओरिसा, आंध्र प्रदेश व कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांसाठी कार्यक्रम प्रसारित झाले. महाराष्ट्रातील खेडी त्यांत नव्हती; तथापि विक्रम साराभाई यांची ही कल्पना व्यवस्थापक या नात्याने तडीस नेणारे एकनाथ वसंत चिटणीस हे मूळचे कोल्हापूरचे.

सकाळचे प्रसारण ५ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी असे. प्रत्येक भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे येत, आणि हिंदीतील एकच कार्यक्रम तीन राज्यांना पुरवावा लागे. संचासमोर निरनिराळ्या इयत्तांची मुले एकत्र बसत. अशा स्थितीत पाठ्यक्रमाबरहुकूम धडे देणे अशक्यच होते. म्हणून कार्यक्रमांचे स्वरूप पूरक ठेवण्यात आले. हा निर्णय व्यवहार्य होता खरा, परंतु त्यामुळे समोरच्या पुस्तकाशी पडद्याची सांगड घालण्याचे काम शिक्षकावरच येऊन पडले. पुढील मूल्यमापनात मुलांच्या भाषाविकासाला लाभ झाल्याचे दिसले. शाळेतील गळती मात्र हटली नाही. दारिद्र्यामुळे शाळा सोडणाऱ्या मुलास चित्रपेटी थांबवू शकेल, ही अपेक्षाच मुळी अवास्तव होती.

याहून मोलाचा ठरला तो शिक्षक-प्रशिक्षणाचा उपक्रम. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या शैक्षणिक तंत्रविज्ञान केंद्राने प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान-अध्यापनाचा बारा दिवसांचा अभ्यासक्रम आखला. त्यात दूरचित्रवाणीला एकटे सोडलेले नव्हते. तिच्या जोडीला आकाशवाणीचे पाठ, छापील साहित्य, स्वतः करून पाहावयाचे प्रयोग आणि केंद्रावरील मार्गदर्शकासह चर्चा होती. पडद्यावर पाहिलेले हाताने करावयाचे आणि अडलेले विचारावयाचे, अशी ही रचना होय. दोन सत्रांत मिळून सुमारे ४८,००० शिक्षकांना तिचा लाभ मिळाला. एवढ्या शिक्षकांना नेहमीच्या पद्धतीने एकत्र जमवून शिकविण्यास किती वर्षे लागली असती, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

वर्ष संपताच उपग्रह माघारी गेला. काही खेड्यांना भूप्रक्षेपकांद्वारे कार्यक्रम मिळत राहिले. उरलेल्यांना मात्र १९८३ मध्ये ‘इन्सॅट-१ब’ अवकाशात जाईपर्यंत तरी उपग्रहाची वाट पाहणे भाग होते.