मैलामागे वर्गणी

ब्रिटनच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलचा कडा अटलांटिकमध्ये उतरतो ते ठिकाण लँड्स एंड, आणि स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर केथनेस परगण्यातले चिमुकले गाव जॉन ओ'ग्रोट्स. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिथून ऑर्कनी बेटांकडे तर चालवणाऱ्या यान द ग्रूट नावाच्या डच माणसावरून त्या गावाला नाव पडले. सरळ रेषेत या दोन ठिकाणांमध्ये ६०३ मैल आहेत, आणि प्रचलित रस्त्याने ८७४ मैल, म्हणजे सुमारे १,४०७ किलोमीटर. खरे तर ब्रिटनच्या मुख्य भूमीचे अगदी उत्तरेचे टोक डनेट हेड आणि अगदी दक्षिणेचे टोक लिझर्ड, पण त्यांना कुणी विचारत नाही. सायकलला दोन पिशव्या अडकवून, कर्करोगाच्या संशोधनासाठी किंवा गावातल्या एखाद्या शुश्रूषागृहासाठी देणग्या गोळा करत एकट्याने हे अंतर कापणारा माणूस आज ब्रिटनमध्ये इतका ओळखीचा झाला आहे की, हा रस्ता परोपकारासाठीच आखला असावा असे वाटते. इतिहास मात्र उलटा आहे. पहिली जवळजवळ शंभर वर्षे या रस्त्यावर दानधर्माचे नाव कुणी फारसे घेतले नाही. तिथे विक्रम होते, व्रते होती, जाहिराती होत्या. देणगी मागून आली, आणि येताना तिने विक्रमवाल्यांची एक गोष्ट उचलली: साक्ष. अनोळखी माणसाच्या शब्दावर लोकांनी पैसे द्यावेत यासाठी जो भरवसा लागतो, तो या साक्षीतून तयार झाला, असे माझे म्हणणे आहे.

आरंभ पायी चालणाऱ्यांनी केला. पुढे बर्मिंगहॅममध्ये अमेरिकेचा वाणिज्यदूत झालेला शांततावादी एलिहू बरिट १८६३ साली लंडनहून जॉन ओ'ग्रोट्सला आणि पुढच्या वर्षी लंडनहून लँड्स एंडला चालत गेला. वाटेतली शेती पाहणे हा त्याचा हेतू. १८७१ साली जॉन आणि रॉबर्ट नेलर या भावांनी उत्तरेहून दक्षिणेपर्यंतचे सगळे अंतर सलग पायी कापले. त्यांनी स्वतःला घालून घेतलेले नियम वाचले तर आपल्याकडचा माळकरी आठवावा: दारू नाही, तंबाखू नाही, कोणतेही वाहन नाही, आणि दर रविवारी दोन वेळा प्रार्थनेला हजेरी. नऊ आठवड्यांनी ते पोहोचले तेव्हा कुणासाठी एक पेनीही जमली नव्हती, आणि तशी कुणाची अपेक्षाही नव्हती. मग सायकल आली. १८८० साली ब्लॅकवेल आणि हार्मन या दोघांनी पुढे भलेमोठे आणि मागे इवलेसे चाक असलेल्या उंच सायकलींवर तेरा दिवसांत हा प्रवास केला. सहाच वर्षांनी, १८८६ मध्ये, जी. पी. मिल्स या एकोणीस वर्षांच्या पोराने तसल्याच सायकलवर ५ दिवस १ तास ४५ मिनिटांत तो उरकला. उंच सायकलीपुरता त्याचा हा विक्रम २०१९ पर्यंत अबाधित होता, यावरून त्याच्या मांड्यांची कल्पना यावी. १८८८ साली रोड रेकॉर्ड्स असोसिएशन स्थापन झाली आणि वेळ कुणी मोजायची, कोणाची साक्ष ग्राह्य, पुरावा कोणता, हे सारे नियमांत बसले. आज आपण ज्या एकटेपणाचे कौतुक करतो, तेही आरंभी नव्हते. त्या काळच्या विक्रमवीरांना वाटेत आलटून-पालटून सोबत करणारे, वेग धरून देणारे स्वार असत.

विक्रमाची अडचण अशी की तो जितका सुधारतो तितका सामान्य माणूस त्यापासून लांब जातो. १९३९ साली मार्गरीट विल्सन आणि १९५४ साली आयलीन शेरिडन यांनी याच रस्त्यावर स्त्रियांचे विक्रम केले. शेरिडनला अडीच दिवसही लागले नाहीत. दोघीही हर्क्युलस कंपनीच्या पगारी स्वार होत्या. त्याच नावाच्या सायकली पुढे मद्रासच्या कारखान्यात बनून आपल्याकडच्या दूधवाल्यांच्या आणि शाळामास्तरांच्या हाती आल्या. म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या रस्त्यावर पैसा होता, पण तो सायकली खपवण्याचा होता. रशियात जन्मलेल्या शाकाहारवादी डॉ. बार्बरा मूर १९६० साली आपल्या आहाराची महती पटवण्यासाठी उत्तरेहून दक्षिणेला चालत गेल्या. लगेच सुट्ट्यांच्या छावण्यांचे मालक बिली बटलिन यांनी त्याच रस्त्यावर बक्षिसांची चालण्याची शर्यत लावली आणि भर थंडीत शेकडो हौशी लोक त्यात उतरले. त्यातले बहुतेक वाटेतच गळाले. मला ही शर्यत महत्त्वाची वाटते ती विजेत्यामुळे नव्हे, तर या गळालेल्यांमुळे. ज्यांना विक्रमाशी देणेघेणे नव्हते, तरीही हे अंतर कापून पाहायचे होते, अशी माणसे किती आहेत ते त्या गर्दीने दाखवून दिले. त्यांच्याकडे इच्छा होती, पण ‘कशासाठी?’ या प्रश्नाला चारचौघांत देता येईल असे उत्तर नव्हते.

ते उत्तर साठच्या दशकात ब्रिटनभर पसरलेल्या प्रायोजित पदयात्रांनी पुरवले. मैलामागे इतके पेनी असा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आकडा लिहून घ्यायचा, चालून यायचे आणि मग वसुलीला निघायचे. १९८५ साली क्रिकेटपटू इयन बोथम ल्युकेमियाच्या संशोधनासाठी जॉन ओ'ग्रोट्सहून लँड्स एंडपर्यंत चालले आणि या रस्त्याची परोपकाराशी गाठ देशभर पक्की झाली. सायकलस्वाराला तर हा सौदा अगदी सोयीचा होता. आजचा हौशी स्वार गिअरच्या हलक्या सायकलवर हे अंतर साधारण दहा ते चौदा दिवसांत कापतो, म्हणजे १८८०च्या ब्लॅकवेल आणि हार्मनच्याच चालीने. २०१८ मध्ये मायकेल ब्रॉडविथने ते ४३ तास २५ मिनिटांत पार केले आहे, पण देणगीदार या दोन आकड्यांची तुलना करत नाही. त्याला एवढेच हवे असते की, निघाला म्हणाला तो खरोखर निघाला आणि पोहोचला. म्हणून विक्रमवाल्यांच्या सह्या, मुक्कामाच्या नोंदी, दोन्ही टोकांच्या दिशादर्शक खांबाखालचा फोटो, हे सगळे नव्या कामाला जुंपले गेले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: पैसेच द्यायचे तर सरळ द्यावेत, कुणी पाय दुखवून घेतल्याने रुग्णाचे काय भले होते? तर्काला हे बिनतोड आहे, पण माणसे तर्काने देत नाहीत. क्रिस्टोफर ऑलिव्होला आणि एल्डार शाफिर यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, देणगी जमवण्याच्या कार्यात कष्ट आणि वेदना असतील तर माणसे मौजेच्या कार्यक्रमापेक्षा जास्त द्यायला तयार होतात. मग अंतर जितके मोठे तितका पैसा जास्त, असे म्हणावे का? तसेही नाही. कर्करोगाने एक पाय गमावलेला टेरी फॉक्स १९८० साली कॅनडा धावत ओलांडायला निघाला, १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला आणि रोग फुप्फुसात पसरल्याने थंडर बेजवळ थांबला. त्याची धाव अपुरी राहिली, तरी पुढच्या फेब्रुवारीपर्यंत दर कॅनेडियन माणसामागे एक डॉलर हे त्याचे लक्ष्य ओलांडले गेले. आणि २०२० मध्ये शंभरीला टेकलेले कॅप्टन टॉम मूर आपल्या बागेत २५ मीटरच्या शंभर फेऱ्या चालले, म्हणजे अवघे अडीच किलोमीटर, आणि ३ कोटी २० लाख पौंडांवर निधी उभा राहिला. देणारा मैल विकत घेत नाही. या माणसाला हे किती जड जात आहे आणि तरी तो दिल्या शब्दाला जागतो आहे का, हे तो पाहतो. विक्रमात अपुरा प्रवास शून्य धरला जातो, इथे धरला जात नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: लोकांच्या पैशावर फिरण्याची हौस भागवली जाते. ज्या मोहिमांत स्वाराचा विमानाचा आणि हॉटेलचा खर्च जमलेल्या देणगीतून वळता होतो, त्यांच्याबाबत हा आक्षेप मला मान्य आहे. पण सायकल स्वतःची, मुक्कामाचे पैसे खिशातले, आणि वर्गणी थेट संस्थेच्या खात्यात, असा एकट्या स्वाराचा व्यवहार असेल तर त्यात खोट काढायला जागा कमी उरते. २००० साली झरीन खारस आणि ॲन-मरी ह्यूबी यांनी स्थापन केलेल्या जस्टगिव्हिंग या संकेतस्थळामुळे तर वसुलीचा दारोदारचा फेराही संपला. तिथेही दलालीवरून कुरबुर झालीच, आणि २०१९ मध्ये त्यांना ब्रिटनमधल्या देणग्यांवरचे पाच टक्के शुल्क सोडावे लागले. पैसा फसतो तो बहुधा प्रवास संपल्यावर, त्याच्या नावाने संस्था उभ्या राहिल्या की. कॅप्टन टॉम यांच्या फेऱ्यांचा निधी आरोग्यसेवेच्या संस्थांना पोहोचला, पण नंतर त्यांच्या नावाने निघालेल्या प्रतिष्ठानाच्या कारभारावर तिथल्या नियामकाने कडक ठपका ठेवला.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट खटकेल. बाबा आमटे १९८५च्या डिसेंबरात ‘भारत जोडो’ म्हणत कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले तेव्हा शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर होते आणि पाठीच्या दुखण्याने जेरीस आलेले बाबा गाडीत. तिथे कुणी मैलाचा दर लावला नव्हता. त्यापुढे हा पेनीचा हिशेब वाण्याचा वाटतो, आणि आहेही. पण बाबांच्या मागे आनंदवनाची साडेतीन दशके होती. लीड्सच्या एखाद्या नळकाम करणाऱ्यामागे असे काय असते? त्याला कुणी ओळखत नाही, त्याच्या शब्दाला बाजारात पत नाही. ती त्याला रोज सत्तर मैल पायडल मारून, रोज नोंद दाखवून मिळवावी लागते. हिशेब हेच त्याचे भांडवल. एक दोष मात्र यात राहतो, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. अशी वर्गणी ज्याचे त्याला जवळचे वाटते त्या दुखण्याकडे वळते. कर्करोग, हृदयविकार, लहान मुलांचे आजार यांना स्वार मिळतात. तुरुंगातून सुटलेल्यांसाठी किंवा व्यसनातून उठू पाहणाऱ्यांसाठी कॉर्नवॉलहून निघणारे फारच थोडे. तिथे सरकारी तिजोरीच लागते, आणि तिजोरीने सायकलस्वारांकडे बोट दाखवून हात झटकू नयेत, यासाठी वेगळे भांडण करावे लागते.