सोडलेली खुर्ची

काश्मिरी गेटपाशी सेंट स्टीफन्स कॉलेजची जुनी इमारत उभी आहे. आज तीत निवडणुकीची सरकारी कचेरी भरते. तेथे खेटे घालताना आम्हां कारकुनांना १९०६ सालची एक नेमणूक आठवते.

त्या वर्षी कॉलेजचे प्राचार्यपद रिकामे झाले. सुशीलकुमार रुद्र हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ १८८६ पासून तेथे शिकवीत होते. तथापि त्या जागी इंग्रजच हवा, असे अनेकांस वाटे. आणि नाव पुढे आले ते १९०४ साली दिल्लीस आलेल्या सी. एफ. अँड्र्यूज यांचे. त्यांनी ते पद नाकारले, रुद्रांसाठी आग्रह धरला आणि पुढे त्यांच्याच हाताखाली अध्यापन केले.

दुरिताला प्रेमाने जिंकावे, असा ख्रिस्ती धर्माचा उपदेश आहे. वर्णाहंकार हे त्या काळचे दुरित. त्याचा निषेध पुष्कळांनी केला असेल. अँड्र्यूजनी त्यापासून स्वतःस मिळणारा लाभच सोडला.

त्या प्रेमास पुढे फळ आले. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाच्या दिवसांत आपल्यामुळे कॉलेजवर संकट नको, म्हणून गांधीजी रुद्रांचे घर सोडण्यास तयार होते. रुद्रांनी त्यांस जाऊ दिले नाही. खिलाफतीविषयी व्हाइसरॉयना धाडलेले १९२० सालचे खुले पत्र त्याच छपराखाली लिहिले गेले.

ज्येष्ठतेच्या यादीत आपले नाव कितवे, हे आम्ही सारेच पाहतो. दुसऱ्याचा हक्क डावलून ते वर चढले, तर आम्ही काय करू?