पारव्याच्या अंगावरची गोमाशी

रावेरला मामांच्या शेतातल्या जुन्या विहिरीत पारव्यांची वस्ती आहे. एकदा पंख दुखावलेला पारवा मामांनी ओंजळीत धरून वर आणला. त्याच्या पिसांतून एक चपटी, तपकिरी माशी निघाली, खेकड्यासारखी आडवी सरकली आणि माझ्या बाहीत शिरली. चिमटीत दाबली तरी मरेना. मामा म्हणाले, "गोमाशी आहे रे ती." पाखराच्या अंगावर गोमाशी? हे खूळ तेव्हापासूनचं.

मामा चुकले नव्हते. बैलाच्या शेपटीखाली चिकटून बसणारी चपटी माशी आणि ही, दोघी एकाच कुळातल्या. 'गोमाशी'तली 'गोम' सुटी काढायचा मोह होतो. पण मग 'गोममाशी' झालं असतं. गोचिडातही तोच 'गो' आहे. मला गाय पुरे.

खरी गोम शास्त्रीय नावात आहे. कुळाचं नाव हिपोबॉस्किडी; मूळ 'हिपोबॉस्का' लिनियसने १७५८ मध्ये घोड्यावरच्या माशीला दिलं. 'हिपोस' म्हणजे घोडा. 'बॉस्को'चा अर्थ लोक 'खाणारी' असा लावून मोकळे होतात. मला तो पटत नाही. ग्रीकमध्ये हे क्रियापद गुरं चारण्याचं, पोसण्याचं. स्वतः चरायचं तर त्याचं रूप बदलतं. म्हणजे घोड्याचं रक्त पिणारीला नाव मिळालं मोतद्दाराचं! आणि ती पोसते हेही खोटं नाही, फक्त घोड्याला नव्हे. मादी अंडी घालत नाही. एकच अळी पोटात ठेवते, अंगातल्या दुधासारख्या रसावर वाढवते आणि कोषात जायच्या बेताला आली की बाहेर टाकते. लिनियसच्या मनात हे होतं, असं मी खुशाल धरून चालतो.

पारव्यावरच्या जातीचं नाव स्यूडोलिंकिया कॅनारिएन्सिस. माकारने १८३९ च्या सुमारास कॅनरी बेटांवरून तिचं वर्णन केलं. ही बेटं लॅटिन 'कॅनिस'वरून, म्हणजे कुत्र्यांची, असं प्लिनीच्या काळापासून चालत आलंय; दुसरा पक्ष 'कानारी' नावाच्या आफ्रिकी टोळीकडे बोट दाखवतो. मी कुत्र्यांच्या बाजूचा, कारण मग हिशेब मजेदार होतो: मराठीत गाय, कुळात घोडा, जातीत कुत्रा. कबूतर कुठेच नाही.

ते सापडलं माशीच्या पोटात. १९०६ मध्ये अल्जीरियात सेर्जां बंधूंनी दाखवलं, की कबुतरांच्या रक्तातला मलेरियाच्या नात्यातला एक परजीवी हीच माशी पसरवते. त्याचं नाव हीमोप्रोटियस कोलुंबी. 'कोलुंबा' म्हणजे कबूतर.

मामांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आधी बाही झटक."