ऑरेंज काउंटीचं दिवाळं: पुरावा कुठे शोधायचा?

६ डिसेंबर १९९४ ला कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, फक्त तिथला खजिनदार लोक निवडून देतात! खजिनदार रॉबर्ट सिट्रन यांनी शाळा, शहरं यांच्या सुमारे ७.५ अब्ज डॉलरवर कर्ज काढून २० अब्जांची गुंतवणूक केली. व्याजदर चढले, सुमारे १.६ अब्ज बुडाले. जून १९९५ मध्ये अर्धा टक्का विक्रीकर वाढवायला मतदारांनी साफ नकार दिला.

मीही आधी इथेच थांबलो होतो: लोक करविरोधी, विषय संपला. पण जून १९९४ च्या निवडणुकीत जॉन मूरलाक यांनी हाच धोका प्रचारात मांडला होता, तरी सिट्रनच जिंकले. म्हणून दिवाळ्यानंतरचे अहवाल मागाहून वाचा. आधी त्या प्रचाराच्या काळातली वर्तमानपत्रं काढा.