अहिल्याबाई, राघोबादादा आणि देवाचा न्याय

भगिनींनो, चातुर्मासात पोथी संपून आरती झाली, की आपल्यापैकी कोणीतरी हळूच विचारतेच, "देवधर्म करणाऱ्याच्याच वाट्याला दुःख का? आणि कपटी माणसाचे बरे कसे चालते?" याचे उत्तर मला पुराणाइतकेच इतिहासातही शोधावेसे वाटते. म्हणून अठराव्या शतकातील दोन माणसे आपल्यापुढे ठेवते. एक अहिल्याबाई होळकर, दुसरे राघोबादादा पेशवे.

अहिल्याबाई १७२५ साली आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चोंडी गावी, माणकोजी शिंदे यांच्या घरी जन्मल्या व होळकरांच्या सून झाल्या. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव तोफेचा गोळा लागून पडले. बाई सती निघाल्या, तेव्हा सासरे मल्हाररावांनी त्यांना मागे फिरवले व राज्याचा कारभार त्यांच्या हाती दिला. १७६६ साली सासरे गेले आणि पुढच्याच वर्षी एकुलता मुलगा मालेरावही गेला.

घरात कर्ता पुरुष उरला नाही हे पाहून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी राघोबादादांशी संधान बांधले. दादा फौज घेऊन माळव्यात आले. बाईंनी देवावर भार टाकला खरा, पण त्या हात जोडून बसून राहिल्या नाहीत. त्यांनी इतर मराठा सरदारांची मदत मागितली, लढाईची तयारी केली, थोरल्या माधवराव पेशव्यांची संमती मिळवली. दादांना न लढताच बेत सोडावा लागला.

पुढे दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात दादांचे पुतणे नारायणराव पेशवे यांचा गारद्यांनी खून केला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी दोष दादांच्या पदरी बांधला. पेशवाई दादांच्या हाती जेमतेम काही महिने राहिली. मग इंग्रजांचा आश्रय, १७७५ चा सुरतेचा तह, १७८२ चा सालबाईचा तह, आणि शेवटी नेमणुकीवर कोपरगावास राहणे. तेथेच १७८३ साली ते वारले.

पाप्याला शासन झाले, असे म्हणून येथेच पोथी बांधावी असे वाटेल. पण इतिहास येथे थांबत नाही. नारायणरावांचा मुलगा सवाई माधवराव १७९५ साली ऐन एकविशीत गेला, आणि १७९६ मध्ये गादीवर बसला तो दादांचाच मुलगा, दुसरा बाजीराव! इकडे अहिल्याबाईंचा नातू गेला, १७९१ साली जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुलगी मुक्ताबाई सती निघाली. आईने परोपरीने विनवले. लेकीने ऐकले नाही.

मग देवाचा न्याय कोठे? मला वाटते, कोण किती जगला आणि कोणाच्या मुलाला गादी मिळाली, यावर तो मोजायचाच नाही. अहिल्याबाईंची आज्ञापत्रे श्रीशंकराच्या नावाने निघत. राज्य देवाचे, आपण त्याचे कारभारी, ही त्यांची श्रद्धा होती. जो कारभारी असतो, त्याला दुःखातही काम टाकून देता येत नाही. म्हणूनच काशीचे विश्वनाथ मंदिर १७८० साली पुन्हा उभे राहिले. वेरूळला घृष्णेश्वराचे देऊळ झाले, ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा झाल्या. महेश्वरला विणकरांना आसरा मिळाला, आणि ती महेश्वरी लुगडी आजही विणली जातात.

दादांच्या मुलाला मिळालेली पेशवाई १८१८ साली त्याच्याच हातून कायमची गेली. काशीस मात्र आजही लाखो माणसे बाईंनी बांधलेल्या देवळात माथा टेकतात.

भगिनींनो, देवावर विश्वास ठेवला म्हणजे घरावर दुःख येणारच नाही, असे वचन कोणी दिलेले नाही. मुक्ताबाईमागे अहिल्याबाई चार वर्षे जगल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांनी देह ठेवला, आणि तोवर होळकरांचे राज्य त्यांनीच चालवले.